प्रवेश-निबंधातील ‘मी’ : आत्मनिवेदन आणि घाट

अमेरिकेतील महाविद्यालयात प्रवेश मागताना विद्यार्थ्याने जो निबंध लिहावयाचा असतो, तो वाङ्मय मानावयाचा की अर्जातील एक रकाना, असा प्रश्न सहज उद्भवतो. १९७५ साली १५ खाजगी महाविद्यालयांनी ‘कॉमन ॲप्लिकेशन’ हा समाईक अर्ज स्वीकारला; आज हजारांहून अधिक संस्था तो स्वीकारतात. त्यातील मुख्य निबंधाची मर्यादा २५० ते ६५० शब्द. एवढ्या अवकाशात सतरा-अठरा वर्षांच्या लेखकाने अनोळखी वाचकासमोर, आणि तोही निवाडा करणाऱ्या, आपला ‘मी’ उभा करावयाचा. त्यासाठी दोन वाटा सांगितल्या जातात : अनुभव सरळ आत्मपर रीतीने निवेदन करण्याची, किंवा पत्र, पाककृती, कोशातील नोंद अशा एखाद्या उसन्या घाटातून शैलीचे वेगळेपण दाखविण्याची. पहिली प्रामाणिक व निर्धोक, दुसरी धाडसाची, असा समज आहे.

हा समज टिकण्यासारखा नाही. अर्जातील एक प्रश्न विद्यार्थ्याला अडथळा, अपयश आणि त्यातून मिळालेला बोध यांविषयी लिहावयास सांगतो. म्हणजे कथानक प्रश्नातच ठरलेले असते. पडणे, सावरणे, शहाणे होणे. या साच्यात ओतलेले निवेदन कितीही साधे असले तरी ते शैलीमुक्त नसते. मराठी वाचकाला येथे लघुनिबंधाचे स्मरण व्हावे. फडक्यांच्या गुजगोष्टींतील खेळकर ‘मी’ प्रारंभी ताजा होता. पुढे अनुकरणातून त्याचा मुखवटा झाला. इरावती कर्वे यांचे ‘परिपूर्ति’ (१९४९) आणि दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) यांत तो गळून पडला, कारण तेथे लेखिकेची दृष्टी स्वतःवर खिळून राहत नाही, ती माणसांकडे व निसर्गाकडे वळते.

उलट, केवळ चमत्कृतीने काही साधत नाही. शिकागो विद्यापीठ विक्षिप्त प्रश्नांसाठी प्रसिद्ध आहे. विषम संख्यांत ‘विषम’ ते काय, असा एक प्रश्न त्याने विचारला होता. इंग्रजीत ‘ऑड’ या एकाच शब्दाला विषम आणि विचित्र असे दोन्ही अर्थ असल्याने त्यात जी गंमत आहे, ती मराठीत उतरत नाही. अशा प्रश्नाला कोटीने उत्तर देणे सोपे. त्या कोटीमागे विचार करणारे मन दिसणे अवघड. समजा, एका विद्यार्थिनीने आजीवरचा निबंध पाककृतीच्या रूपात लिहिला. जिन्नसांच्या जागी ‘दोन वाट्या माया’ असे लिहिले तर तो घाट नुसता दागिना ठरतो. पण आजी सारे हाताच्या अंदाजाने घालीत असे, ती गेल्यावर नातीला एकही प्रमाण लिहिता येत नाही, आणि पाककृतीत प्रमाणांच्या जागा कोऱ्याच राहतात. असे झाले तर तो कोरेपणा हाच अनुभव होतो. येथे आत्मपर आणि शैलीनिष्ठ असा भेद उरत नाही.

या निवडीला एक कठोर सामाजिक बाजूही आहे. व्यक्तिमत्त्व व ‘चारित्र्य’ पाहण्याची प्रथा मुळात निरागस नव्हती. १९२०च्या दशकात हार्वर्डसारख्या विद्यापीठांत ती ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आवरण्यासाठी वापरली गेली. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातील वंशाधारित निकष घटनाबाह्य ठरविले. मात्र वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहिल्यास त्याचा विचार करता येईल, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी नमूद केले. भेदभावावर मात केलेल्या विद्यार्थ्याला लाभ द्यावयाचा तर तो त्याच्या धैर्याशी व निर्धाराशी निगडित असावा, हेही त्यांनी सांगितले. अर्जातील प्रश्नाने सुचविलेले कथानक अशा रीतीने निकालपत्रातही आले. ज्याच्यावर अन्याय झाला पण ज्याने अद्याप त्यावर मात केलेली नाही, जो अजून संतप्त किंवा नुसताच गोंधळलेला आहे, त्याच्यासाठी सरळ निवेदनात जागा राहत नाही. बोधाचा शेवटचा परिच्छेद त्याला खोटाच लिहावा लागतो. कोऱ्या जागांचा घाट अशा विद्यार्थ्याला, निवाड्याची जोखीम पत्करून का होईना, तो परिच्छेद न लिहिण्याची सोय देतो.