नॅरो वॉटरचा पूल : सीमेवरील एका वादाचा अभ्यास

दोन तीर जोडणे हे पुलाचे काम. नदी एकाच राज्यातून वाहत असेल, तर तिच्यावर पूल कसा व किती खर्चात बांधावा, एवढाच प्रश्न बहुधा उरतो. परंतु ज्या पाण्याच्या मधून दोन देशांची सीमा जाते, त्या पाण्यावर पूल बांधायचा म्हटले, की ‘कसा’ या प्रश्नाआधी ‘कोणासाठी’ हा प्रश्न उभा राहतो. आयर्लंड बेटावरील नॅरो वॉटर येथील पुलाचा वाद या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखात या वादाची पार्श्वभूमी, त्यातील मुद्दे व त्यातून मिळणारा बोध यांचा थोडक्यात विचार केला आहे.

स्थळ आणि इतिहास

आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर कार्लिंगफर्ड नावाची खाडी आहे. तिच्या उत्तरेस मोर्नचे डोंगर, दक्षिणेस कूलीचे द्वीपकल्प. खाडीच्या आतल्या टोकाला न्यूरी नदी येऊन मिळते, आणि तेथेच पाणी अगदी चिंचोळे होते. म्हणून त्या जागेचे नावच ‘नॅरो वॉटर’, म्हणजे अरुंद पाणी. काठावर सोळाव्या शतकातील एक दगडी गढी आहे. उत्तर तीरावर वॉरनपॉइंट हे बंदराचे गाव, दक्षिण तीरावर ओमीथ हे खेडे. एका तीरावरून दुसऱ्या तीरावरची घरे सहज दिसतात. पण गाडीने जायचे तर नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या न्यूरी शहराला वळसा घालावा लागे.

१९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले आणि या चिंचोळ्या पाण्यातून सीमा गेली. १९२३ पासून सीमेवर जकात सुरू झाली. ज्यांवर जकातनाकी होती ते रस्ते ‘मान्य’, बाकीचे ‘अमान्य’ ठरले. तरी माणसांचे जाणे-येणे थांबले नाही. उत्तरेत रविवारी दारूची दुकाने बंद असत, तेव्हा वॉरनपॉइंटची मंडळी होडीने ओमीथला जात. पुढे दळणवळणाची साधने एकेक करून गेली. ओमीथवरून जाणारी रेल्वे १९५१ च्या अखेरीस बंद पडली, तर न्यूरी-वॉरनपॉइंट रेल्वे १९६५ मध्ये.

त्यानंतर हिंसाचाराचे पर्व आले. लष्कराने सीमेवरील अनेक लहान रस्ते खड्डे पाडून वा अडथळे उभे करून बंद केले. २७ ऑगस्ट १९७९ रोजी नॅरो वॉटरजवळच आयरिश रिपब्लिकन आर्मीने घडवलेल्या दोन स्फोटांत १८ ब्रिटिश सैनिक मारले गेले. त्यानंतर सैनिकांनी पलीकडच्या तीरावर केलेल्या गोळीबारात एका निरपराध नागरिकाचाही प्राण गेला. त्याच दिवशी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉर्ड माउंटबॅटन यांची हत्या झाली. भारताच्या या शेवटच्या व्हाइसरॉयच्या मृत्यूमुळे ती तारीख आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक आहे. ज्या पाण्यावर असा इतिहास आहे, तेथे पुलाची कल्पना नुसती रस्तेबांधणीची बाब राहू शकत नव्हती, हे उघड आहे.

वादाचे मुद्दे

१९९३ मध्ये युरोपीय बाजारपेठ एक झाल्याने जकातनाकी गेली. १९९८ च्या शांतता करारानंतर पहारेही हळूहळू उठले. पुलाची जुनी मागणी आता जोर धरू लागली. समर्थकांचे म्हणणे साधे होते. मोर्न आणि कूली हे दोन्ही निसर्गरम्य प्रदेश एका रस्त्याने जोडले गेले, तर पर्यटन वाढेल, सायकलस्वार व पादचारी यांना वाट मिळेल आणि तुटलेला शेजार पुन्हा जुळेल.

याविरुद्धचे आक्षेपही हलके नव्हते. पहिला आक्षेप खर्चाचा. या वाटेने जाणारी वाहने मुळात किती, आणि त्यांच्यासाठी एवढा पैसा घालावा काय? दुसरा आक्षेप गरजेचा. वॉरनपॉइंट बंदराच्या मालमोटारींमुळे न्यूरी शहराची कोंडी होते. त्यावर उपाय म्हणून शहराच्या दक्षिणेकडून वळणरस्ता हवा, अशी निराळी मागणी होती. पर्यटनाचा पूल आधी की मालवाहतुकीचा रस्ता आधी, हा प्रश्न मग साहजिकच निघाला. तिसरा आक्षेप पाण्याचा. न्यूरीचे व्यापारी बंदर १९७४ मध्ये बंद झाले असले, तरी जहाजी कालव्याने शिडाची जहाजे व नौका शहरापर्यंत जातात. सीमा जोडणाऱ्या पुलाने शहराची समुद्राकडची वाट बंद व्हावी, हे न्यूरीकरांना कसे रुचावे? याशिवाय खाडीच्या चिखलपट्टीत हिवाळ्यात हजारो मैल दूरहून हंसजातीचे पक्षी उतरतात. त्यांच्या संरक्षणाचाही विचार आवश्यक होता.

२०१२ मध्ये दोन्ही बाजूंची बांधकाम परवानगी आणि युरोपीय संघाचे सुमारे १ कोटी ७४ लाख युरोंचे अनुदान मिळाले. काम सुरू होणार असे वाटत असतानाच २०१३ मध्ये निविदा अंदाजापेक्षा कितीतरी अधिक रकमेच्या आल्या. वाढीव पैसा कोणी द्यायचा याचा निर्णय वेळेत झाला नाही, आणि अनुदान हातचे गेले. २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा ही सीमा पुन्हा जागतिक चर्चेचा विषय झाली. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये आयरिश सरकारने आपल्या ‘सामाईक बेट’ निधीतून पुलाचा खर्च उचलण्याचे ठरवले. ही तरतूद १० कोटी युरोंच्या घरातली होती. त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधान सायमन हॅरिस यांच्या उपस्थितीत कामाला आरंभ झाला.

विवेचन

या हकिगतीत दोन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्याशा वाटतात. पहिली गोष्ट हिशेबाची. वाहनांची मोजणी जे जातात त्यांचीच होते. वाट नसल्यामुळे जे जातच नाहीत, ज्यांची सोयरीक, बाजारहाट, दवाखाना, खेळ हे सारे शंभर वर्षे आपल्याच तीरावर आटोपत आले, त्यांचा आकडा कोणत्या रकान्यात लिहायचा? सीमेने घडवलेल्या सवयींचे मोजमाप घेऊन सीमेवरचा पूल अनावश्यक ठरवणे, म्हणजे बंद दाराबाहेर कोणी उभे नाही म्हणून दाराची गरजच नाही असे म्हणणे होय. मात्र हा युक्तिवाद बेताने वापरला पाहिजे. तो एकदा मोकळा सोडला, की जगातला कोणताही पूल, कितीही खर्चाचा, त्याच्या आधारे समर्थनीय ठरेल.

म्हणूनच दुसरी गोष्ट महत्त्वाची. विरोधकांच्या आक्षेपांनी समर्थकांना आपला पूल नेमका कशासाठी हे सांगणे भाग पाडले. मालमोटारींची कोंडी हा पूल सोडवणार नाही, तो प्रश्न वळणरस्त्याचा, हे स्पष्ट झाले. पूल केबलवर तोललेला, पादचारी व सायकलस्वारांना जागा देणारा, आणि मुख्य म्हणजे मधून उघडणारा असा आखला गेला. जहाज आले की रस्ता थांबेल, जहाज गेले की पुन्हा जुळेल. दोन तीरांचा हक्क आणि पाण्याचा हक्क यांत तडजोड करणारी ही रचना वादाचेच फलित म्हटली पाहिजे.

तथापि वादाला किंमतही पडते. २०१२ चा आकडा केवळ युरोपीय अनुदानाचा होता, त्यामुळे २०२४ च्या रकमेशी त्याची सरळ तुलना करता येणार नाही. तरी मधल्या काळात बांधकाम स्वस्त झाले नाही, एवढे निश्चित. पूल असावा की नसावा, असल्यास कोणत्या स्वरूपाचा, आणि पैसा कोणाचा, हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत. पहिल्या दोहोंवर दोन्ही तीरांवरचे लोक कडाडून भांडले आणि काही ना काही उत्तरापर्यंत पोहोचले. २०१३ मध्ये पूल बुडाला तो तिसऱ्या प्रश्नावर, कारण सीमेवरच्या वास्तूचा वाढीव खर्च आपला आहे असे म्हणणारा एकही खजिना तेव्हा पुढे आला नाही. स्थानिक वादांचा अभ्यास करताना हे तीन प्रश्न वेगळे काढून पाहण्याची सवय लागली, तर विरोध करणारा प्रत्येक जण प्रगतीचा शत्रू नसतो आणि समर्थन करणारा प्रत्येक जण उधळ्या नसतो, हे आपल्या ध्यानात येईल.