मार्था, मरीया आणि तू

मावशीच्या शोकसभेत कोण काय बोललं ते सगळं तू मनात धरून बसली आहेस, हे मला तुझ्या आवाजावरून कळतं गं. 'रडू नकोस, साक्ष बिघडते.' 'देवाला चांगली माणसं लवकर लागतात.' 'ती सुटली, आता तिला मागे ओढू नकोस.' एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात बिस्किट, आणि तोंडातून असली वाक्यं. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं. मयताच्या घरात गप्प बसण्याची धास्ती वाटते, म्हणून माणूस तोंडाला येईल ते बोलून मोकळा होतो. पण 'देवाला माणसं लागतात' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. देवाकडे काय माणसांचा तुटवडा पडलाय, की त्याने चालत्याबोलत्या घरातली आई उचलून न्यावी? शास्त्रात असं कुठेही नाही.

आणि साक्ष बिघडण्याचं म्हणशील, तर ज्या वचनाच्या जोरावर तुला गप्प केलं जातंय, ते एकदा स्वतः उघडून वाच. पहिलं थेस्सलनीकाकरांस पत्र, चौथा अध्याय. ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखं तुमचं दुःख नसावं, एवढंच पौल म्हणतो. शोक करू नका, असं तो म्हणत नाही. स्तेफनाचंही बघ. त्याने तर मरता मरता आकाश उघडलेलं पाहिलं होतं. तो कुठे गेला याबद्दल मंडळीत कोणाला शंका असायचं कारण नव्हतं. तरी त्याला पुरल्यावर भाविक माणसांनी त्याच्यासाठी मोठा विलाप केला, असं प्रेषितांच्या कृत्यांत सरळ लिहिलंय. 'अहो, रडताय काय, तो गौरवात गेलाय' असं त्यांना कोणी सुनावल्याची नोंद नाही.

मला मात्र तुझ्याशी लाजराच्या घराविषयी बोलायचंय. योहानाचा अकरावा अध्याय आपण संडे स्कूलपासून ऐकतो, आणि ऐकताना आपलं सगळं लक्ष शेवटाकडे असतं: धोंड बाजूला सरकते, लाजर बाहेर येतो. मधल्या ओळींवरून आपण भरभर निघून जातो. तू आता त्या मधल्या ओळींवर थांब, कारण तू सध्या तिथेच आहेस.

लाजर आजारी असल्याचा निरोप वेळेवर गेला होता. तरी येशू दोन दिवस निघालाच नाही. तो बेथानीला पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. दोघी बहिणी त्याला वेगवेगळ्या भेटल्या आणि दोघींनी एकच गाऱ्हाणं मांडलं: तू इथे असतास तर आमचा भाऊ गेला नसता. हे गाऱ्हाणंच आहे, बयो, त्याला उगाच भक्तीचा मुलामा देऊ नको. तूही गेला महिनाभर तेच म्हणते आहेस. अँब्युलन्स लवकर मिळाली असती तर. पहिल्याच डॉक्टरच्या लक्षात आलं असतं तर. प्रभूने मनात आणलं असतं तर. या 'तर'मुळे आपण अविश्वासू ठरतो असं तुला वाटतं. त्या दोघींना येशूने एका शब्दानेही रागावलेलं नाही.

पुढचं बघ. मार्था गावाबाहेर धावत जाते, बोलते, प्रश्न करते. तिच्याशी तो बोलतो, पुनरुत्थानाविषयीचं सर्वांत मोठं वचन तिला देतो. मरीया घरातच बसून राहते, बोलावल्यावर येते, पायांशी कोसळते आणि रडते. तिला तो एकही धडा देत नाही. तिच्यापाशी तो स्वतः रडतो. थोड्याच वेळात आपण लाजराला हाक मारणार आहोत, तो उठणार आहे, हे त्याला ठाऊक होतं. तरीही रडला. शेवट गोड होणार असेल तर रडणं चुकीचं, हा नियम त्याने स्वतःच पाळला नाही, मग तुला कोण लावणार?

आता दादाचं. तू म्हणतेस तो दगड झालाय, दफनविधीच्या तिसऱ्या दिवशी ड्युटीवर गेला, आईचं नाव काढलं की उठून जातो. अगं, तो मार्था आहे. मंडप, शवपेटी, पाळकसाहेबांची वेळ, कबर खणणाऱ्यांचे पैसे, नगरपालिकेतला दाखला, सगळं त्यानेच पाहिलं ना? काहींचं दुःख हातापायांतून निघतं. तू मरीया आहेस, म्हणून तुला तो कोरडा वाटतो आणि त्याला तू नाटकी वाटत असशील. घरातलं माणूस गेल्यावर भावंडांत जी भांडणं लागतात त्यांतली निम्मी वाटणीवरून नसतातच. तू पुरेसं रडत नाहीस आणि तू फार रडतेस, यावरून असतात.

प्रार्थना होत नाही म्हणालीस. डोळे मिटले की आयसीयूतला तो मॉनिटर दिसतो. मग नको करूस. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात म्हटलंय की आपल्याला शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा आपल्या वतीने कण्हतो. हे मला उपदेशापेक्षा सोय वाटते. काही वाचावंसं वाटलंच तर स्तोत्र 88 वाच. बाकी बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात, स्तुतीवर येतात. हे येत नाही, अंधारातच संपतं. ज्यांनी स्तोत्रसंहिता जुळवली त्यांनी ते गाळलं नाही, त्याला गोड शेवटही जोडला नाही. याचा अर्थ त्यांच्या लेखी तीसुद्धा प्रार्थनाच होती.

आणि उपासनेला गेलीस तर मागच्या बाकावर बस. मावशी ज्या बाजूला बसायची तिकडे आत्ताच बसायची सक्ती नाही. 'उपासना संगीत' उघडून हातात धर, गाता आलं नाही तर बाकीचे गातील. मंडळी म्हणजे तेच ना? ज्या रविवारी तुझा आवाज फुटत नाही त्या रविवारी शेजारची बाई तुझ्या वाटचं गाते. तिच्यावर वेळ येईल तेव्हा तू गाशील.

कोणीतरी तुला पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं म्हणे. देणारच. आपल्याकडे ते हाताशी असतं. पण उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्यावं. तरुणपणीच उपासमारीच्या वणवणीत आईवडील गेले, थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, 1882 मध्ये, नवरा कॉलऱ्याने गेला. उरली एक मनोरमा. केडगावच्या मुक्ती मिशनचा भार पुढे तिने सांभाळायचा, असं सगळे धरून चालले होते. ती 1921 च्या जुलैत गेली. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून चालवलेलं बायबलचं भाषांतर सोडलं नाही, हे खरं. पण पुढच्या एप्रिलात त्याही गेल्या, हेही खरं. लेकीमागे वर्षसुद्धा निघालं नाही. कणखर बाई होती म्हणून तिला लागलं नसेल, असं समजणाऱ्यांनी या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. लक्ष्मीबाई टिळकांनीही 1919 नंतर, नारायण वामनांच्या हातून अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे नेलं; त्यातले बहुतेक अध्याय त्यांच्याच हातचे. मला या दोघी फार प्रिय आहेत, पण त्यांच्या नावाचा फटका करून कोणी तुझ्या पाठीत घालू लागलं तर सरळ उठून आत जा. महिन्याभरात कोणी पुराण लिहायला घेत नाही.

एक गोष्ट मला माझ्या जाऊबाईकडून कळली. ती वसईची, कॅथलिक. तिचे वडील गेले तेव्हा मी पाहिलं: सातव्या दिवसाची मिस्सा, मग महिन्याची, मग वर्षाची, शिवाय दरवर्षी 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळं गाव कबरस्थानात. मेणबत्त्या, झेंडूच्या माळा, पोरंटोरं कबरींमधून हिंडतायत, म्हाताऱ्या बायका खाली बसून जपमाळ म्हणतायत. मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही यावर आपलं आणि त्यांचं जमत नाही, आणि तो वाद तुझ्यामाझ्याने मिटणारही नाही. पण त्यांच्या दुःखाला पंचांग आहे. आपल्याकडे मात्र शोकसभा झाली, फोटोला हार घातला, खुर्च्या परत गेल्या की मंडळी समजते, झालं. शेजारच्या काकू कडू घास घेऊन आल्या होत्या, त्यांच्याकडेही दहावा-तेरावा असतो, माणसं पुन्हा पुन्हा जमतात. आपण ते विधी करत नाही म्हणून तारखाही पाळायच्या नाहीत, असं कोणी सांगितलंय? मावशीच्या वाढदिवसाला घरी चार जणी बोलव. पाळकसाहेबांना सांगून स्मरणार्थ उपासना ठेव. ईस्टरच्या पहाटे फुलं घेऊन कबरेवर आपण जातोच. येत्या ईस्टरला मी नगरला येते, आपण दोघी जाऊ. पहिला ईस्टरही एका बाईच्या रडण्यानेच सुरू झाला होता. मरीया मग्दालिया बागेत रडत उभी होती आणि समोर उभा असलेला प्रभू तिला माळी वाटला. त्याने नावाने हाक मारली तेव्हा ओळख पटली.

आशा म्हणतात ती मला इथे दिसते, ढगावर बसलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या मावशीत नाही. खरं सांगू, तशी मावशी माझ्या डोळ्यांसमोर येतच नाही. ती येते ती चुलीपुढची, उजव्या मनगटावर तव्याचा जुना चटका असलेली, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, बायबलच्या समासात बॉलपेनने बारीक तारखा घालणारी. तू ते बायबल नीट पाहिलंस का? स्तोत्र 121 च्या बाजूला तुझ्या बारावीच्या निकालाची तारीख आहे. दादाच्या अपघाताचीही आहे, तिथे शाई फुटली आहे. आपला विश्वास या माणसाविषयी आहे, तिच्यातून उडून गेलेल्या वाफेविषयी नाही. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, त्याने शिष्यांपुढे भाजलेला मासा खाल्ला. पौल पेरलेल्या दाण्याचं उदाहरण देतो: उगवतं ते दाण्यासारखं दिसत नाही, पण ज्वारी पेरली तर ज्वारीच येते. यापुढचं मला ठाऊक नाही, आणि जे फार तपशिलात सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. मात्र एवढं धरून ठेव की त्याच अध्यायात पौल मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रू. मित्र नव्हे, देवाची मर्जी म्हणून गोड मानून घ्यायची भेटही नव्हे. मरण आलं तर राग यायलाच हवा.

रात्री झोप लागत नाही, जेवण जात नाही, हे अजून काही दिवस चालेल. पण तू परवा बोलता बोलता म्हणालीस, 'मलाही नको झालंय', ते मी सोडून देणार नाही. एलीयाही झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला काही ऐकवलं नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर, डोंगरावर. ते विचार पुन्हा आले तर मला रात्री दोनलाही फोन कर, आणि मी उचलला नाही तर 14416 लाव. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. डॉक्टरकडे जाणं म्हणजे प्रभूवरचा भरवसा सोडणं, असं कोणी म्हणालं तर त्यांच्या बीपीच्या गोळ्या कुठे ठेवल्यात ते विचार.

कबरेवरच्या दगडाची घाई करू नका. माती बसायला एक पावसाळा जाऊ द्यावा लागतो, गवंडीही तेच सांगेल. वचन कोणतं कोरायचं यावरून तुम्ही दोघं आत्ताच हमरीतुमरीवर आलात असं मामी म्हणत होती. ते दिवाळीनंतर बघू, आणि तेव्हा तो म्हणेल ते कोरू दे. साड्यांचं कपाट मी येईपर्यंत उघडू नको. दादाला मात्र या आठवड्यात फोन कर. मावशीचा विषय काढू नको, त्याच्या गाडीच्या हप्त्यांचं विचार, मुलीच्या शाळेचं विचार. तो आपणहून काही बोलला तर मध्ये बोलू नकोस.