विद्युत्-सक्रिय जैवसामग्री आणि स्नायूंची दुरुस्ती

यंत्रात सापडून वा वाहन-अपघातात मांडीचा किंवा दंडाचा मोठा स्नायुभाग गमावलेल्या रुग्णांचे आप्त आम्हांस हमखास विचारतात, "जखम तर भरली, मग ताकद का येत नाही?" या प्रश्नाचे उत्तर आणि त्यावर चाललेल्या संशोधनाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

स्नायू स्वतःची दुरुस्ती करू शकतो. स्नायुतंतूंच्या कडेला सुप्तावस्थेत असणाऱ्या 'सॅटेलाइट' पेशींचे वर्णन अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ साली केले. इजा होताच या पेशी जाग्या होऊन नवे तंतू घडवितात. लचक वा लहान छेद असल्यास त्या पुरेशा ठरतात. परंतु स्नायूचा सुमारे पाचवा हिस्सा किंवा अधिक एकदम नाहीसा झाला, तर त्यांना धरून वाढण्यास आधारच उरत नाही. पोकळी तंतुमय व्रण-ऊतीने भरते. वरून त्वचा मिटते; आत भरलेला भाग मात्र आकुंचन पावत नाही.

स्नायूचे काम विजेवर चालते. बेडकाच्या पायावरील प्रयोगांतून इटलीतील बोलोन्या येथील लुईजी गॅल्व्हानी यांनी प्राण्यांच्या शरीरातील विजेविषयीचे आपले प्रतिपादन १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. विश्रांत स्नायुतंतूच्या आत व बाहेर सुमारे ९० मिलिव्होल्टचा फरक असतो. मज्जातंतूची आज्ञा येताच तो क्षणभर पालटतो, हा बदल तंतूभर धावतो आणि तंतू आखडतो. व्रण-ऊतीत ही लाट उठत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयातील व्रणाचीही हीच अडचण असते.

म्हणून पोकळीत सच्छिद्र आधार बसवून त्यावर पेशी वाढविण्याची कल्पना पुढे आली. त्यातही एक मेख होती. साध्या आधाराच्या भिंती पेशीपेशींमधील विद्युत्-संदेश अडवीत असत. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी समुद्रशैवलापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या आधारात सोन्याच्या अतिसूक्ष्म तारा मिसळल्या, तेव्हा त्यावर वाढविलेल्या हृदयपेशी विद्युत् उत्तेजन मिळताच एकतालात आकुंचन पावू लागल्या. अन्यत्र पॉलिपायरोल, पॉलिअॅनिलीन यांसारखी वीजवाहक बहुवारिके वापरून प्रयोग झाले. बहुवारिकांच्या वीजवाहकतेच्या शोधासाठी २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले होते. काही पदार्थ तर दाब वा ताण पडताच स्वतःच सूक्ष्म विद्युत्-भार निर्माण करतात; त्यांना बाहेरून तार जोडावी लागत नाही. आम्हांस ही दिशा विशेष आशादायक वाटते.

तथापि अडचणी साध्या नाहीत. वीजवाहक बहुवारिके बहुधा ठिसूळ असतात व शरीरात सहज विरघळत नाहीत. हृदय तर दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. शिवाय नव्या स्नायूस रक्तवाहिनी हवी आणि मज्जातंतूही हवा. तो पोहोचला नाही, तर उत्तम घडलेला तंतूही हळूहळू क्षीण होतो.

यातील बहुतेक काम अद्याप प्रयोगशाळेत व प्राण्यांवर चालले आहे. गमावलेला स्नायू भरून काढण्यासाठी अशी सामग्री बसविणे हा आज प्रस्थापित उपचार नाही. कोणी तो खात्रीचा म्हणून मोठी रक्कम मागितल्यास कुटुंबीयांनी पैसे भरण्यापूर्वी आपल्या शल्यचिकित्सकांशी अवश्य बोलावे. फिजिओथेरपीत त्वचेवर पट्ट्या लावून दिला जाणारा विद्युत्-प्रवाह याहून निराळा आहे. तो उरलेल्या स्नायूस काम करावयास लावतो, गेलेला परत आणीत नाही. तरीही तो आणि नियमित व्यायाम सोडू नये, असे आम्ही प्रत्येक रुग्णास सांगतो.