जुन्या मालाचा सौदा : डिनो गाडीवरून घ्यावयाचा धडा

नव्या मालाची किंमत कारखाना ठरवितो. जुन्या मालाची किंमत मात्र त्याच्या मागच्या हकिकतीवर ठरते. जुन्याची खरेदी-विक्री किंवा दुरुस्ती करणाऱ्या आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना हा मुद्दा नीट कळावा म्हणून आज आपण इटलीच्या एका गाजलेल्या गाडीचे उदाहरण घेऊ. 'डिनो २४६ विकणे आहे' अशी जाहिरात युरोप-अमेरिकेत निघते, तेव्हा जाणकार गिऱ्हाईक काय काय तपासतो ते पाहू.

माल ओळखा

डिनो ही फेरारी कारखान्याची गाडी. एन्झो फेरारी यांचा मुलगा डिनो १९५६ मध्ये तरुणपणीच वारला. त्याचे नाव या गाडीला दिले. इंजिन पुढे नसून आसनांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे आडवे बसविलेले असते. त्यामुळे वजन मध्यभागी राहते व वळणावर गाडी हुकमात राहते. पण दुरुस्तीच्या वेळी हात शिरायला जागा कमी, म्हणून मजुरी जास्त. हा खर्च सौद्याआधीच हिशेबात धरावा लागतो.

आधीच्या २०६ जातीच्या सुमारे १५० गाड्याच निघाल्या. त्यांची बॉडी ॲल्युमिनियमची. १९६९ ते १९७४ या काळातील २४६ च्या साडेतीन हजारांवर निघाल्या. त्यांची बॉडी मुख्यतः पोलादी पत्र्याची. नावात थोडाच फरक, पण भावात मोठा!

नंबर जुळवा

डिनोचे सहा सिलिंडरचे इंजिन फियाट कंपनीच्या सहकार्याने तयार झाले. तेच इंजिन फियाट डिनो व लान्सिया स्ट्राटोस या गाड्यांतही बसविले गेले. म्हणजे विकाऊ गाडीतले इंजिन त्याच जातीचे असले, तरी ते त्याच गाडीचे असेलच असे नाही. म्हणून चासी नंबर व इंजिन नंबर मूळ कागदाशी ताडून पाहतात. इंजिन बदललेले असले तर गाडी निकामी ठरत नाही, पण भाव उतरतो.

चमक पाहून भुलू नका

पोलादी पत्रा गंजतो. गंजावर पुट्टी भरून वर झकास रंग दिला की फोटोत गाडी नवी दिसते. जाणकार मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवितो. पुट्टी जाड असेल तेथे ते नीट धरत नाही. २०६ च्या ॲल्युमिनियमवर मात्र ही परीक्षा चालत नाही.

बिल्ल्याचेही तसेच. डिनो कारखान्यातून निघाली ती फेरारीचे नाव न लावता. पुढे अनेक गाड्यांवर घोड्याचा बिल्ला चढला. बिल्ला कोणालाही लावता येतो. त्याचे जादा पैसे मोजणे शहाणपणाचे नाही.

आपण काय घ्यावे?

या बाजारात जो विक्रेता आधीच सांगतो की रंग दुसऱ्यांदा दिला आहे, इंजिन बदलले आहे, त्याला भाव थोडा कमी मिळतो, पण सौदा टिकतो. लपविलेला ऐब उघडा पडला की पैसा परत द्यावा लागतो, शिवाय नाव जाते ते वेगळेच.

डेंटिंग-पेंटिंग, गादीकाम, फर्निचर, घड्याळ-दुरुस्ती करणाऱ्यांनी तीन सवयी लावून घ्याव्यात. कामाआधीचा व नंतरचा फोटो ठेवावा. काय बदलले व काय मूळचे ठेवले हे पावतीवर लिहावे. काढलेला जुना भाग मालकाच्या हवाली करावा. डिनोच्या बाजारात वर्षांपूर्वीची अशी साधी पावतीही भाव वाढविते. आज आपल्या हातची पावती गिऱ्हाईकाला क्षुल्लक वाटेल. उद्या तो माल विकायला निघेल, तेव्हा तीच आपल्या कामाची साक्ष देईल.