कॉम्प्युटर सेट, नग ४

सांगलीत आमचं हिशेब लिहून देण्याचं छोटं ऑफिस आहे. मी आणि हाताखाली तिघी जणी. किराणा दुकानदार, ट्रान्सपोर्टवाले, हळदीचे अडते यांची खाती टॅलीवर लिहायची आणि महिन्याच्या महिन्याला जीएसटीची रिटर्नं भरायची, हे आमचं काम. २०२३ च्या दिवाळीआधी जुनी मशीनं अगदीच थकली. नव्यांचा भाव परवडेना. तेव्हा ओळखीतल्या एका विक्रेत्याने रिफर्बिश्ड मशीनं दाखवली. म्हणाला, "ताई, आयटी कंपनीतला माल आहे, आय-फाइव्ह आहे, सहा महिने वॉरंटी." साडेनऊ हजारांना एक, चार नग अडतीस हजारांना. मी लगेच हो म्हटलं.

आय-फाइव्ह म्हटलं की आपण निश्चिंत होतो, आणि फसतो ते तिथेच. हे नाव इंटेल २००९ पासून वापरतंय. महत्त्वाची असते ती पिढी. आमच्या प्रोसेसरचा नंबर होता आय५-६५००, म्हणजे सहावी पिढी, २०१५ चा माल. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी पैसे मोजले त्या दिवशीच या मशीनांची दोन वर्षं उरली होती. नंबर वाचणं अवघड नाही. ८५०० म्हणजे आठवी पिढी, १०४०० म्हणजे दहावी. सेटिंग्जमधलं 'अबाउट' उघडा, तिथे लिहिलेलं असतं. दुकानात उभं राहूनच बघा.

खरा घाव मात्र हार्ड डिस्कने घातला. फेब्रुवारीची १९ तारीख, दुसऱ्या दिवशी जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची शेवटची मुदत. संध्याकाळी सहाच्या सुमारास कोपऱ्यातल्या मशीनमधून टक्‌ टक्‌ असा आवाज यायला लागला आणि टॅली जागच्या जागी थिजलं. बंद करून चालू केलं तर काळ्या पडद्यावर एवढंच, की बूट डिव्हाइस सापडत नाही. मी धीर सोडला नव्हता, कारण रोजचा बॅकअप आम्ही न चुकता डी ड्राइव्हवर घेत होतो. पण सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग. डिस्क गेली, तिच्याबरोबर दोन्ही गेले. पेनड्राइव्हवर डिसेंबरअखेरची एक प्रत सापडली. जानेवारीपासूनचं सगळं, बिलांचे गठ्ठे पुन्हा मागवून, रात्री जागून आम्ही परत टाकलं. पाच जणांची रिटर्नं उशिरा गेली. प्रत्येकी रोजची ५० रुपये लेट फी आणि व्याज मी माझ्या खिशातून भरलं. पैशाचं तितकं नाही, पण विश्वासाने वह्या सोपवणाऱ्या माणसाला फोन करून हे सांगणं फार जड गेलं.

वॉरंटीसाठी गेले तर विक्रेता म्हणाला, हे मशीन आमच्याकडचं कशावरून? बिल पक्कं होतं, पण त्यावर नुसतं 'कॉम्प्युटर सेट, नग ४' असं लिहिलेलं. सिरियल नंबर नाहीत, वॉरंटीचा शब्द नाही. ही दोन्ही बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बिलाशिवाय घ्या, अठरा टक्के वाचतील, असंही कुणी सुचवेल. त्याच्या नादी लागू नका. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि विक्रेत्याने भरलेलं बिल जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या २बी मध्ये उतरलं, तर त्या कराची वजावट मिळते. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो, तोही बिल असेल तरच. जुन्या मालाचे काही व्यापारी फक्त आपल्या नफ्यावर कर भरतात, तेव्हा वजावट मिळणार की नाही हे भाव ठरवण्याआधीच विचारून घ्या.

पुढे उरलेली तीन मशीनं तपासली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, डिस्क आजवर किती तास चालली हे ते दाखवतं. एकीचे भरले ४१,००० तास. दिवसरात्र धरले तरी साडेचार वर्षांहून जास्त. तिन्हींत एसएसडी टाकून घेतल्या. एकावरचं विंडोज कसल्याशा ॲक्टिव्हेटरने चालू केलेलं निघालं, ते पुसून काढलं. ज्या मशीनला लोकांच्या डिजिटल सहीचं टोकन लावायचं, पोर्टलचे पासवर्ड टाकायचे, तिथे असलं काही एक दिवसही ठेवू नये.

जुनं घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. गेलेल्या मशीनच्या जागी मी पुन्हा रिफर्बिश्डच घेतलं: आठवी पिढी, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची नवीकोरी एसएसडी, बिलावर सिरियल नंबर. साडेनऊच्या जागी सोळा हजार पडले. अजून एकदाही तक्रार नाही. एक छोटा यूपीएस आणि बाहेरची एक हार्ड डिस्क मात्र त्याच खर्चात धरा.

आणि हे वाचून झाल्यावर, खरेदी करायची असो वा नसो, तुमच्या ऑफिसातला बॅकअप नेमका कुठल्या डिस्कवर जातो ते आजच उठून बघा.