विवाहविच्छेद आणि मालमत्तेची विभागणी

विवाहाचे बंधन न्यायालयाच्या हुकूमनाम्याने एका दिवसात तुटते. परंतु पतिपत्नींनी वर्षानुवर्षे मिळून उभारलेला संसार तितक्या सहजतेने दुभागता येत नाही. या संदर्भात एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. भारतात सामान्यतः केवळ विवाहामुळे उभयतांची मालमत्ता एक होत नाही. जी वस्तू ज्याच्या मालकीची, ती त्याचीच राहते.

या नियमातून उद्भवणारा अन्याय एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पतीच्या वेतनातून घरकर्जाचे हप्ते जातात आणि पत्नीच्या वेतनातून धान्य, मुलांचे शिक्षण व औषधपाणी भागते, असे समजू. वीस वर्षांनी घर पतीच्या नावे उभे असते. पत्नीच्या पैशाची मात्र खूणही उरलेली नसते. केवळ गृहिणी असलेल्या स्त्रीची स्थिती तर याहून बिकट होय.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २७ अन्वये विवाहप्रसंगी मिळालेल्या व उभयतांच्या सामाईक मालकीच्या वस्तूंविषयी न्यायालय योग्य तो आदेश देऊ शकते. स्त्रीधन हे यातून वेगळे. त्यावर पत्नीची संपूर्ण मालकी असते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात दिला. कलम २५ अन्वये कायम पोटगी ठरविताना दोघांचे उत्पन्न व मालमत्ता विचारात घेतली जाते. परंतु पोटगी म्हणजे मालकीतील वाटा नव्हे. गोव्यात मात्र १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेची परंपरा चालू आहे. तेथे विवाहपूर्व निराळा करार नसल्यास मालमत्ता उभयतांची समाईक ठरते व प्रत्येकाचा हिस्सा निम्मा असतो. २०२३ साली मद्रास उच्च न्यायालयानेही एका प्रकरणात गृहिणीचे श्रम हे मालमत्ता संपादनातील योगदानच होय, असे मानले.

परस्पर संमतीने विभक्त होताना न्याय्य विभागणी कशी करावी? प्रथम स्त्रीधन व प्रत्येकाची स्वतंत्र मालमत्ता बाजूला काढावी. मग उरलेल्याची यादी करावी. तीत ठेवी, विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि कर्जे यांपैकी काहीही वगळू नये. घराची किंमत ६० लाख रुपये व शिल्लक कर्ज २० लाख असेल, तर विभागणी ४० लाखांचीच होते. निम्मा वाटा मान्य झाला आणि पतीने कर्जासह घर स्वतःकडे ठेवले, तर पत्नीला २० लाख रुपये मिळावयास हवेत. ठरलेल्या अटी लेखी करून हुकूमनाम्यात समाविष्ट करून घ्याव्यात.

हे सर्व खऱ्या माहितीवर अवलंबून असते. म्हणूनच २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यांत दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत, असा दंडक घालून दिला. जे लपविले जाते, त्याची वाटणी होऊ शकत नाही. म्हणून कागदपत्रांच्या प्रती संसार सुरळीत असतानाच दोघांपाशीही असाव्यात, हे उत्तम.