डाऊन सिंड्रोम, हृदयाचं छिद्र आणि पहिले सहा महिने

बारसं पुढे ढकलू नका. बाळाला डाऊन सिंड्रोम असल्याची शंका डॉक्टरांनी बोलून दाखवली की अनेक घरांत पेढे वाटायचे थांबतात, फोन उचलले जात नाहीत आणि बारशाचं ‘रिपोर्ट आल्यावर बघू’ होतं. रिपोर्ट काहीही येवो, बाळ तुमच्या घरात आलंय. त्याला नाव हवंय आणि त्याच्या आईला ‘अभिनंदन’ हा शब्द ऐकायला मिळायला हवा. नाव ठेवलं की वॉर्डातली माणसंसुद्धा ‘ते डाऊनचं बाळ’ म्हणायचं सोडतात, हे मी पाहत आले आहे.

आईला बोल लावणंही आजच थांबवा. आपल्या पेशींत २१ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, या बाळांमध्ये तीन असतात. सुमारे ९५ टक्के बाळांत ही जास्तीची प्रत स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होतानाच आलेली असते, म्हणजे दिवस राहण्याच्याही आधी. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, कुणाची नजर लागली, यातल्या कशाचाही संबंध नाही. आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते हे खरं. पण एकूण बाळंतपणंच तरुण वयात जास्त होतात, म्हणून डाऊन सिंड्रोमची बहुतेक बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांचीच असतात.

आता हृदयाकडे येते, कारण घाई करायची ती इथेच. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. म्हणून प्रत्येक बाळाचा टूडी इको पहिल्या काही आठवड्यांतच व्हायला हवा. ‘स्टेथोस्कोपला काही आवाज येत नाही, मग इको कशाला?’ असं विचारणारे आईबाप भेटतात. या बाळांच्या बाबतीत शांत छातीवर भरवसा ठेवता येत नाही. जन्मल्यावर काही आठवडे फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब चढाच असतो. त्यामुळे छिद्र मोठं असलं तरी त्यातून रक्त जोरात वाहत नाही, आवाज उमटत नाही, बाळ छान गुलाबी दिसतं. पुढे तो दाब उतरतो, रक्त फुप्फुसांकडे लोटायला लागतं आणि बाळाला धाप लागते. काही बाळांत, विशेषतः डाऊन सिंड्रोम असलेल्यांत, दाब नीट उतरतच नाही. अशा बाळाला त्रास दिसत नाही आणि घरचे म्हणतात, ‘बघा, किती बरं आहे!’ आतमध्ये मात्र फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड होत जातात. त्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं.

या बाळांमध्ये खास करून आढळणारा दोष म्हणजे एव्हीएसडी. यात हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला मधला पडदा आणि तिथल्या झडपा पूर्ण तयारच झालेल्या नसतात. लहानसं छिद्र पुष्कळदा आपोआप बुजतं, शेजारच्या मुलाचं तसं बुजलंही असेल. पूर्ण एव्हीएसडी बुजत नाही. त्याची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात करतात. ‘दहा किलोचं होऊ दे, मग बघू’ हा सल्ला कुणी दिला तर बालहृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तो मानू नका.

तोवर आपलं काम एकच, वजन वाढवणं. हे बाळ अंगानं सैल असतं, ओढून पिताना दमतं, झोपून जातं. डोकं थोडं उंच धरा, हनुवटीखाली बोटांचा आधार द्या, दर दोन तासांनी उठवून पाजा. दमलं तर अंगावरचं दूध काढून वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं द्या. ‘डाऊनच्या बाळाला अंगावर पिता येत नाही’ हे खरं नाही, वेळ लागतो इतकंच. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा. पिताना कपाळावर घाम येत असेल, एका वेळच्या पाजण्याला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल, झोपेतही श्वास मिनिटाला साठच्या वर जात असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. ओठ-जीभ निळी पडली किंवा हिरवी उलटी झाली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. हिरवी उलटी आतड्याच्या अडथळ्याची खूण असू शकते, आणि तो दोष या बाळांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतो.

एक प्रश्न खाली मान घालून, बहुधा आजोबा किंवा काका विचारतात: ‘अशा मुलाचं एवढं मोठं ऑपरेशन करून काय उपयोग?’ मला या प्रश्नाचा राग येत नाही, पण उत्तर स्पष्ट देते. एव्हीएसडीच्या शस्त्रक्रियेचे निकाल डाऊन सिंड्रोमच्या बाळांमध्ये इतर बाळांपेक्षा वाईट येत नाहीत. जिथे वेळेवर उपचार मिळतात त्या देशांत डाऊन सिंड्रोमची माणसं आज सरासरी साठीच्या घरात पोचतात. १९८० च्या सुमारास हाच आकडा पंचविशीच्या आसपास होता. या बदलात हृदयाच्या शस्त्रक्रियेचा वाटा मोठा आहे. हे मूल चालेल, बोलेल, शाळेत जाईल, तुमच्याशी भांडेल. थोडं उशिरा, एवढंच. हृदय दुरुस्त करण्याचा हक्क त्याला इतर कुठल्याही बाळाइतकाच आहे.

पैशांसाठी थांबू नका. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष आणि डाऊन सिंड्रोम दोन्ही येतात. अंगणवाडीताई, आशाताई किंवा जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया आहेत. अंग सैल असल्यामुळे लागणारी फिजिओथेरपीही त्याच केंद्रात सुरू करता येते; ऑपरेशनच्या आधी किती व्यायाम द्यायचा ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा.

बाकीच्या तपासण्या थोडक्यात: जन्मल्यावर रक्ताची संपूर्ण तपासणी, कानांची आणि डोळ्यांची तपासणी. थायरॉइड जन्मल्यावर, सहाव्या महिन्यात, वर्षाला आणि पुढे दरवर्षी. लसी नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे. सहा महिन्यांनंतर फ्लूची लसही द्या.

गुणसूत्रांच्या तपासणीचा कागद जपून ठेवा. त्यात ‘ट्रान्सलोकेशन’ असं लिहिलेलं असेल तर आईवडील दोघांचीही तपासणी करावी लागते, कारण पुढच्या बाळात पुन्हा असं होण्याची शक्यता त्यावर ठरते.